वाचक विचारतात: रात्रपाळी, प्रार्थना आणि झोप

प्रश्न: मी परळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, डोंबिवलीहून ये-जा करते. रात्रपाळीचा आठवडा आला की जीव नकोसा होतो. घरी दोन मुलं, सासूबाई. पूर्वी पहाटे एक अध्याय वाचून प्रार्थना करायचे. आता पवित्र शास्त्र उघडलं की डोळे मिटतात. रविवारची उपासना चुकते. महिला मंडळात बोलले, तर ‘विश्वास कमी पडतोय, अजून प्रार्थना कर’ असं ऐकावं लागलं. प्रभू थकलेल्यांना बळ देतो, मग मला का देत नाही?
– एक भगिनी, डोंबिवली

उत्तर: ताई, सुटीच्या दिवशी पवित्र शास्त्रातलं १ राजे, अध्याय १९ सावकाश वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो. चाकराला बैर-शेबा इथे ठेवतो, एकटाच दिवसभर रानात चालतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला काय देतो, ते क्रमाने बघा. आधी झोप. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. देवदूत त्याला विश्वासावरून बोल लावत नाही. वाट लांबची आहे, तुला झेपणार नाही, म्हणून ऊठ आणि खा, एवढंच सांगतो. होरेब डोंगरापर्यंतची ४० दिवसांची वाट तो त्या अन्नाच्या बळावर चालतो, आणि देवाशी त्याचं बोलणं तिथे पोहोचल्यावर होतं. पुढे त्याला अलीशाची सोबतही मिळते. झोप, अन्न आणि माणूस यांतूनच बळ आलं, तरी ते देवानेच दिलेलं आहे. तुमच्या विश्वासात खोट शोधणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

म्हणून सुरुवात झोपेपासून करा. रात्रपाळीत चहा-कॉफीचा शेवटचा कप रात्री दोनच्या आत घ्या. त्यानंतरचा चहा सकाळची झोप खातो. निघताना गडद चष्मा लावा, कारण सकाळचं ऊन मेंदूला जागं करतं. त्या वेळी डाऊन गाड्यांना गर्दी कमी असते, बसायला मिळतं. पण डुलकी लागून कल्याण गाठू नये म्हणून मोबाइलवर गजर लावा. घरी हलकं खाऊन लगेच आडव्या व्हा. खिडकीला जाड पडदा, दाराची बेल बंद. सासूबाईंना ‘जरा झोपते’ असं मोघम सांगू नका, ‘नऊ ते तीन मला उठवू नका’ असं वेळ घालून सांगा. मोघम सांगितलं की अकरा वाजता कुकर लावायला हाक येतेच.

प्रार्थना झोपून उठल्यावर. ड्युटीवरून आल्या आल्या गुडघे टेकले की शरीर जिंकणारच. गेथशेमाने बागेत शिष्यांचं तेच झालं, आणि आत्मा तयार असला तरी देह दुबळा असतो हे प्रभूने स्वतःच म्हटलं. उठल्यावर, मोबाइल हातात घेण्याआधी, दहा मिनिटं पुरेत. मार्काचं शुभवर्तमान घ्या, रोज दहा-बारा ओव्या. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. थकबाकी साचू लागली की वाचन पूर्णच सुटतं.

ड्युटीवर हात धुण्याची वेळ वापरा. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरब चोळायला २० ते ३०. तेवढ्यात एक ओवी मनात म्हणून होते, अर्धी श्वास घेताना, अर्धी सोडताना. रात्रपाळीसाठी स्तोत्र १२१ मधली चौथी ओवी घ्या: इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. वॉर्डात रात्री तुम्ही एकट्या जाग्या नसता, आणि सकाळी तुम्ही झोपलात तरी तो जागाच असतो. आठवड्याला ओवी बदला, नाहीतर ती नुसती जिभेवर फिरते. औषधांची ट्रॉली लावताना किंवा इंजेक्शनचा डोस मोजताना मात्र हे करू नका. त्या क्षणी सगळं लक्ष डोसवर ठेवणं हीच प्रभूची सेवा.

महिला मंडळाकडे तारीख घालून काम मागा: ‘या आठवड्यात रात्रपाळी आहे, बुधवारी डबा द्याल का? रविवारी मुलांना संडे स्कूलला न्याल का?’ एकमेकांची ओझी वाहा असं गलतीकरांस पत्रात (६:२) सांगितलं आहे, पण कोणतं ओझं ते कळल्याशिवाय उचलणार कोण?

आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. बायकांचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, आणि त्या थकव्याला प्रार्थनेबरोबर उपचारही लागतात. उदासी, रडू, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोला. एलीयासारखा मरणाचा विचार मनात आला, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.

प्रश्न: अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांची सेवा करते. त्यांना एकटं सोडता येत नाही, रविवारची मिस्सा चुकते. पाप लागतं का?
– वसई

उत्तर: नाही. आजारपण किंवा लहान बाळाचं संगोपन अशा गंभीर कारणाने मिस्साला जाता आलं नाही तर तो दोष नाही, असं कॅथॉलिक धर्मशिकवणच सांगते. आजाऱ्याची अशी सेवा त्यातच येते. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची धरली जाते, तेव्हा नवऱ्याला त्या दोन तासांसाठी घरी थांबवा. धर्मग्रामात सांगून सासऱ्यांसाठी घरी कम्युनियन मागवा, तेव्हा तुम्हालाही घेता येईल का ते फादरांना आधीच विचारा.

प्रश्न: अंधेरीत एका कंपनीत आहे. रोज बारा-तेरा तास काम, सुटीच्या दिवशीही बोलावतात. नोकरी सोडावीशी वाटते, पण ‘चांगले करण्याचा कंटाळा करू नये’ ही ओवी आठवते. सोडली तर अविश्वास ठरेल का?
– विरार

उत्तर: ती ओवी (गलतीकरांस ६:९) सत्कर्माबद्दल आहे. मालकाच्या प्रत्येक मागणीला मान डोलावण्याबद्दल ती नाही, आणि तसा तिचा वापर होतो तेव्हा आम्हाला वाईट वाटतं. शब्बाथाच्या आज्ञेत दासदासींनाही विसावा मिळावा असं स्पष्ट लिहिलं आहे (अनुवाद ५:१४), आणि मजुरी अडवणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात फार कडक शब्दांत सुनावलं आहे (५:४). सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो म्हणाला की अशाने तू झिजून जाशील, लोकही झिजतील. त्याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमायला लावले. मोठी प्रकरणंच मोशेकडे ठेवली (निर्गम १८). मोशेने ते ऐकलं, आणि त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही.

आधी चार आठवडे वहीत लिहा: येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सुटीला बोलावलं ती तारीख, आणि त्यातलं कोणतं काम फक्त तुम्हालाच येतं. बरंच काम दुसऱ्याला शिकवून देता येण्याजोगं निघतं. मग ती वही घेऊन वरिष्ठांशी बोला, आणि झालेलं बोलणं त्याच दिवशी ई-मेलने कळवा. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा ज्या आस्थापनांना पूर्ण लागू आहे, तिथे आठवड्याला एक सुटी आणि जादा तासांना दुप्पट वेतन हा कामगाराचा हक्क आहे. तुमच्या कंपनीला आणि तुमच्या हुद्द्याला तो लागू होतो का, हे कामगार आयुक्त कार्यालयात विचारा.

प्रार्थना करताना ‘सोडू का?’ एवढंच विचारत बसू नका. घरभाडं, हप्ते, औषधं यांचा तीन महिन्यांचा खर्च कागदावर मांडून तो कागद समोर ठेवा आणि घरच्यांना बरोबर घेऊन प्रार्थना करा. विरारच्या लोकलमध्ये लटकून परतल्यावर रात्री अकराला असा निर्णय घेऊ नका. पूर्ण झोप झालेल्या सकाळी घ्या. तोवर शांतपणे दुसरीकडे अर्ज टाकत राहा.