कपाटाची किल्ली

प्रश्न : सिस्टर, सलाम. मी श्रीरामपूरची, वय 31. तेहतिसावा आठवडा चालू आहे, तारीख 5 जानेवारी दिलीय. पहिली मुलगी चार वर्षांची, ते बाळंतपण साधं झालं होतं. गेली पाच वर्षं मी आमच्या चर्चच्या मंडळीत संडे स्कूलचा छोटा गट घेते. तीन ते सहा वर्षांची 18 मुलं आहेत. रविवारी पाचला उठून स्वयंपाकाची तयारी, साडेआठला वर्ग, साडेनऊला उपासना, दुपारी घरी मटण आणि बहुतेक वेळा कोणीतरी पाहुणे. मिस्टर भजनात ढोलकी वाजवतात, त्यामुळे सकाळी तेही मोकळे नसतात. त्यात नाताळचं नाटक माझ्याकडे. सासूबाई म्हणतात, देवाचं काम आहे, अर्ध्यावर टाकू नये. आई जालन्याहून रोज फोन करते की आत्ताच्या आत्ता निघून ये. मुलगी माझ्याच वर्गात आहे. परवा ती सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘तू इथं आलीस की माझी आई नसतेस.’’ घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. वर्ग सोडू की चालू ठेवू?

उत्तर : सलाम. तुला ‘तू’च म्हणते, माझा धाकटा तुझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा आहे. त्याच्याच जन्माची गोष्ट आधी ऐक.

21 डिसेंबर 1991, शनिवार. मी तेव्हा नगरला नर्स होते आणि रविवारी संडे स्कूलची बाई. दुसऱ्यांच्या कळांचा मिनिटामिनिटाला हिशेब ठेवणारी मी, नववा महिना भरत आलेला असताना चर्चच्या मागच्या खोलीत स्टुलावर चढून पडद्याची दोरी बांधत होते. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. उतरता उतरता पाणमोट फुटली. रिक्षा आली, मी गेले, रात्री अकराला पोरगा झाला.

आणि कपाटाची किल्ली माझ्या पदराच्या टोकाला गाठीत. त्या कपाटात देवदूतांचे पंख, मेंढपाळांचे झगे, मागी लोकांचे मुकुट, गव्हाणीतला बाहुला, सगळं काही. दवाखान्यात माझं पातळ बदललं, नणंदेनं त्याचं गाठोडं घरी नेऊन बादलीत निरम्यात भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला नाटक. साडेचार वाजले तरी किल्लीचा पत्ता नाही. यजमान सायकलवर घर, दवाखाना, चर्च अशा चकरा मारत होते आणि दर चकरेला येऊन मला विचारत होते, ‘‘नीट आठव.’’ मला आठवत नव्हतं.

शेवटी पोरांनी डोक्याला घरचे पंचे गुंडाळले. देवदूत आयांच्या पांढऱ्या ओढण्या पांघरून आले. तारा म्हणून कोणाचं तरी स्टीलचं ताट बांबूला बांधलं. बाहुला कुलपात, म्हणून एका बाईंनी आपलं तीन महिन्यांचं खरं बाळ गव्हाणीत ठेवलं. ते ऐन वेळी असं ओरडलं की योसेफ घाबरून पळाला आणि मरीयेनं, सात वर्षांची होती ती, बाळाला उचलून थोपटायला घेतलं. असं नाटक आजवर झालं नाही, असं चार जणांनी मला दवाखान्यात येऊन सांगितलं.

मला आनंद झाला नाही. माझं तोंड उतरलं. आठ वर्षं मी एकटीनं केलं ते माझ्यावाचून एका संध्याकाळी झालं, वर चांगलं झालं! ‘दुसरं कोणी पुढे येत नाही, म्हणून किल्ली माझ्याकडे’ असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला ती द्यायची नव्हती. हे कळायला मला धाकटा शाळेत जाईपर्यंतचा वेळ लागला, म्हणून तुला आधीच विचारते. तुमच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?

आता तुझ्या प्रश्नाकडे. नाटक आजच दुसऱ्याकडे दे. यात घासाघीस नको. हा अंक हातात पडेल तेव्हा तुझे पस्तीस आठवडे होत आलेले असतील, आणि नाताळाला अडतीस पूर्ण होऊन वर तीन दिवस. सदतीस आठवडे झाले की बाळ कधीही येऊ शकतं, आणि दुसरं बाळंतपण सहसा पहिल्यापेक्षा भराभर सरकतं. पहिल्या वेळी बारा तास लागले, तर या वेळीही बारा मिळतील असं धरून बसू नकोस. नाटक तरुण संघाच्या मुलांना दे. बिघडवतील थोडं. बिघडू दे.

वर्ग मात्र झटकन सोडू नकोस, असं मी म्हणेन. पंधरा डिसेंबरच्या सुमारास तुझे सदतीस भरतात, तोवरचे रविवार खुर्चीवर बसून घे. खुर्ची पाठीची, हात असलेली. सतरंजीवर बसायचं नाही. बसशील, पण उठताना 18 पोरं हात द्यायला धावतील आणि त्यातला एक पोटावर पडेल. उचलून घेणं बंद. कोणी रडत आलं तर त्याला खुर्चीजवळ उभं करून जवळ घे.

बसून गोष्ट कशी सांगायची, याला माझ्याकडे एक हुकमी तोड आहे. बायबलातल्या लहान शमुवेलाची गोष्ट घे. रात्री देव त्याला हाक मारतो आणि त्याला वाटतं, एली याजकानं बोलावलं. त्यात म्हाताऱ्या एलीला नीट दिसत नाही आणि तो आपल्या जागी पडलेला असतो. एली तू हो. पोरांना सतरंजीवर झोपव, डोळे मिटायला लाव, हळूच हाक मार. ती उठून तुझ्याकडे धावत येतात, ‘‘मला हाक मारलीत का?’’ तू म्हणायचं, ‘‘नाही रे बाळा, जा, झोप.’’ असं तीनदा. चौथ्या हाकेला जागच्या जागी उत्तर द्यायचं. पळापळ सगळी त्यांची, तुझं आसन हलत नाही. मी हे सातव्या महिन्यापासून दर दोन आठवड्यांनी केलं. कोणाला कंटाळा आला नाही, उलट झोपायला आवडीची जागा मिळावी म्हणून भांडणं व्हायची. पुढच्या रविवारी शमुवेलाच्या आईचं, हन्नाचं सांग, की ती दर वर्षी शमुवेलासाठी छोटा झगा शिवून न्यायची. मुलांना जुन्या वर्तमानपत्राचे झगे कापायला दे. अर्धा तास निभावतो.

त्या वेळात तुझ्या शेजारी एक माणूस बसलेलं हवं, जे पुढे वर्ग घेणार आहे. पहिल्या रविवारी त्यानं नुसतं बघायचं, दुसऱ्या रविवारी गीत आणि हजेरी त्याची, तिसऱ्या रविवारी गोष्ट त्याची आणि तू गप्प. गप्प म्हणजे खरंच गप्प. ‘असं नाही, असं’ म्हणायची फार खाज सुटते, पाण्याचा घोट घेऊन दाबायची. किल्लीही तिसऱ्या रविवारी दे, मुलांच्या समोर दे. लहान मुलांना वस्तू हातातून हातात जाताना दिसली की समजतं, नुसतं सांगून समजत नाही.

आणि ते माणूस कोण? मला विचारशील तर सासूबाई. हसू नकोस. ज्या बाईला हे देवाचं काम वाटतं, तिला ते करायची संधी दे की! गुडघे दुखत असतील तर तीच खुर्ची त्यांना. त्यांना किती गीतं पाठ आहेत ते एकदा विचारून बघ. आपल्याकडच्या जुन्या बायकांना पुस्तक न उघडता पन्नास तरी येतात, आणि मुलांना साडीवाल्या आजीच्या गोष्टी बाईंच्या गोष्टींपेक्षा नेहमीच जास्त खऱ्या वाटतात. जोडीला तरुण संघातला एक दणकट पोरगा, पोरांना स्वच्छतागृहात नेण्या-आणण्यासाठी. दहावीच्या मुलीला घेऊ नकोस, तिचं वर्ष वाया जायला नको.

लेकीचं सांगते. ती खरं बोलली, त्यात तुझा गुन्हा काही नाही. चार वर्षांच्या पोरीला बाईला हाक मारायची असते तेव्हा हात वर करावा लागतो, आईला हाक मारायला नाही, आणि तुझ्या वर्गात तिला कळत नाही आज कुठलं. आता बाळ येणार, म्हणजे वाटेकरी वाढणार. वर्ग दुसऱ्यानं घेतला की तिला पहिल्यांदा इतर मुलांसारखं नुसतं वर्गात बसायला मिळेल. तिसऱ्या रविवारी तू गप्प बसशील तेव्हा तिला शेजारी घेऊन बस. तेवढ्यासाठी तरी तो रविवार चुकवू नकोस.

मटण. पाहुणे आणि मटण दोन महिने बंद, किंवा मिस्टरांनी शनिवारी रात्री वाटण करून ठेवावं आणि उपासनेनंतर कुकर लावावा. ढोलकीचा हात असलेल्या माणसाला वाटण जमतं. लूकच्या शुभवर्तमानात मरीया अलीशिबेकडे तीन महिने राहिली असं आहे. अलीशिबेला तेव्हा सहावा महिना. उपदेशात मरीयेच्या गाण्यावर तासभर बोलतात, पण त्या तीन महिन्यांत दोन गरोदर बायकांच्या घरात चूल कोण सांभाळत होतं, हे मी आजवर एकाही पाळकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. अलीशिबेच्या नवऱ्याची, जखऱ्याची, तर वाचाच बंद होती, तेव्हा तो कुरकुर तरी करत नसणार.

माहेरी जायचं की नाही, ते आईनंही ठरवू नये आणि सासूबाईंनीही. नाव कुठल्या दवाखान्यात घातलंय, त्या डॉक्टरांशी बोल. जालन्याला जायचंच असेल तर छत्तीस आठवड्यांच्या आत, सगळी फाइल, सोनोग्राफीचे कागद आणि रक्तगटाची चिठ्ठी घेऊन जा, आणि तिथं आधी एकदा तपासून घे. सदतिसाव्यात एसटीनं निघायचं, हे नको. राहायचं ठरलं तर आईलाच बोलाव. लेकीला आजी मिळेल.

नर्स आहे, म्हणून एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही. धावपळीत बाळाची हालचाल लक्षात येत नाही, आणि रविवार हा तुझा सगळ्यात धावपळीचा दिवस. जेवण झालं की डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहा हालचाली झाल्या पाहिजेत. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर ‘उद्या बघू’ नको. अंगावर लाल जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं, यातलं काहीही झालं तर गीत अर्धवट टाकून निघायचं. गाडी नसेल तर 108. लोहाची गोळी चहाबरोबर घेतेस का? बहुतेक घेत असशील, रविवारच्या घाईत सगळ्याच घेतात. चहा लांब ठेव, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या आणि तुला लहानपणी आल्या नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. बाळंतपणाच्या तोंडावर आईला कांजिण्या आल्या तर बाळाला जड जातं, आणि त्यावरचं इंजेक्शन वेळेत द्यावं लागतं.

परत कधी यायचं, ते आत्ता कोणाला सांगू नकोस. दीड महिन्याची तपासणी होऊ दे.

प्रश्न : मी आमच्या संडे स्कूलचा सुपरिंटेंडंट आहे. आमच्या एका शिक्षिकेला आठवा महिना लागला आहे. त्या उत्साहानं वर्ग घेत आहेत. पण मंडळीतल्या दोन-तीन ज्येष्ठांचं म्हणणं पडलं की लहान मुलांसमोर अशा अवस्थेत उभं राहणं बरं दिसत नाही, मुलं नको ते विचारतात. त्यांना दुखवायचं नाही आणि बाईंनाही नाही. काय करावं?

उत्तर : भाऊ, एकाला दुखवावं लागेल. ज्येष्ठांना दुखवा, त्यांची तब्येत बरी आहे.

मुलं विचारतात, हे खरं. मलाही विचारलं होतं. पाच वर्षांचा एक मुलगा गोष्ट चालू असताना उठला आणि म्हणाला, ‘‘बाई, तुमच्या पोटात काय आहे?’’ मी म्हटलं, ‘‘बाळ आहे.’’ तो ‘‘बरं’’ म्हणून बसला. झालं, एवढंच. चार आठवड्यांनी याच ज्येष्ठांच्या पुढ्यात मुलं बेथलेहेमचा देखावा करणार आहेत. त्यात धर्मशाळेच्या दारात उभी असलेली बाई कोणत्या अवस्थेत असते, ते त्यांना विचारा.

बाईंना मात्र एक विचारा, तेही एकटं गाठून, कमिटीसमोर नाही. ‘‘तुम्हाला काय काय जड जातंय?’’ ‘‘थांबायचंय का?’’ असं विचारलंत की त्या ‘‘नाही’’ म्हणतील. मी पण म्हटलं असतं. जड काय जातं विचारलंत तर जिना, पाण्याचा माठ लांब असणं, सतरंजी घालणं-काढणं, असं सांगतील, आणि ते तुम्ही सोडवू शकता. हाताची खुर्ची आणि पाण्याची बाटली या रविवारीच ठेवा.

त्या पाच वर्षांच्या मुलाचं सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारी तो खिशातून ग्लुकोजचं एक बिस्कीट घेऊन आला, अर्धं मोडलेलं, खिशातला दोरा चिकटलेला. म्हणाला, ‘‘बाळाला.’’ मी ते खाईपर्यंत समोरून हलला नाही.