फ्रँकफर्टजवळ अर्ध्या दिवसात पाहता येईल असं खरं जुनं गाव कोणतं?

कामासाठी फ्रँकफर्टला जाताय, शनिवारचा अर्धा दिवस मोकळा आहे आणि जुनं जर्मन गाव पाहायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी तिथे राहत होते तेव्हा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हेक्स्ट या जुन्या गावात न्यायचे. तुम्हीही तिथेच जा.

सगळे फ्रँकफर्टमधल्या रोमर चौकात जातात. पण तिथली जुनी लाकडी घरं १९४४ च्या बॉम्बवर्षावात जळाली. आज फोटोत दिसते ती रांग १९८० च्या दशकात नव्याने उभारलेली आहे. हेक्स्टची जुनी वस्ती मात्र युद्धातून जवळजवळ तशीच वाचली. लाकडी चौकटीची, थोडी कललेली घरं आहेत, त्यांत माणसं राहतात, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या असतात.

फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनवरून एस-१ किंवा एस-२ ही लोकल पकडा, पंधरा मिनिटांच्या आत पोचाल. तिथून नदीच्या दिशेने चालत जा. शनिवारी सकाळी बाजार भरतो, तो आधी बघा.

मग युस्टिनुस चर्च. यासाठी वेळ राखून ठेवाच. इ.स. ८५० च्या सुमाराचं हे चर्च जर्मनीतल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक आहे. बाहेरून ते विचित्र दिसतं: एका बाजूला बुटका जुना भाग, दुसऱ्या बाजूला पंधराव्या शतकातला उंच गॉथिक भाग. आत गेल्यावर खांबांच्या माथ्यावरची पानं बघा. बाराशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीचं काम इतकं जवळून पाहताना मी दर वेळी गप्प व्हायचे. चर्च बहुधा दुपारीच उघडतं, म्हणून वेळ आधी तपासून घ्या.

खाली माइन नदी. हे गाव शतकानुशतकं माइन्स शहराच्या आर्चबिशपचं, म्हणजे तिथल्या मोठ्या ख्रिस्ती धर्मगुरूचं होतं आणि इथे जहाजांकडून जकात घेतली जायची. शेजारच्या श्रीमंत फ्रँकफर्टला ते फार खुपायचं; १३९६ मध्ये फ्रँकफर्टकरांनी इथला किल्लाच उद्ध्वस्त केला. पुढे उलटंही झालं. तपकिरीचे इटालियन व्यापारी बोलोंगारो यांना फ्रँकफर्टने नागरिकत्व नाकारलं, तेव्हा त्यांनी १७७० च्या दशकात इथे येऊन राजवाड्यासारखा वाडा बांधला. तोही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शेवटी १९२८ मध्ये फ्रँकफर्टनेच हे गाव पोटात घेतलं.

मी मुलुंडची. आमच्याकडे हेक्स्ट म्हणजे औषधांची कंपनी, एवढंच माहीत होतं. तिचं नाव या गावावरूनच पडलं. १८६३ मध्ये तिची सुरुवात इथे रंगांच्या कारखान्याने झाली. तो औद्योगिक परिसर आजही जुन्या वस्तीच्या पश्चिमेला आहे.

दगडी फरसबंदी आहे, बूट चांगले घाला. अंडं चालत असेल तर सात पाल्यांचा हिरवा सॉस, उकडलेली अंडी आणि बटाटे मागवा. आणि परत निघण्याआधी थोडा वेळ नदीकाठी बसा, तिथून नंतर पुन्हा बांधलेल्या किल्ल्याचा पांढरा बुरूज छान दिसतो.