तपासणी झाली, पुढे काय?

प्रश्न : आमच्या शाळेत डॉक्टर येऊन मुलांना तपासून जातात आणि दोष आढळल्यास पालकांना चिठ्ठी पाठवली जाते. पुढे उपचार झाले की नाही, हे शाळेला कळत नाही. तपासणी आणि उपचार यांची ही फारकत पहिल्यापासूनच आहे का? – एक शिक्षिका

उत्तर : होय, आणि तिची किंमत मुलांनीच मोजली आहे. सुरुवातीच्या शालेय तपासणीचा मुख्य हेतू साथी रोखणे हा होता. बोस्टन शहरात १८९४ मध्ये ती सुरू झाली, ती संसर्गजन्य आजार असलेले मूल वेळीच ओळखून वर्गापासून दूर ठेवण्यासाठी. न्यूयॉर्कमध्येही खुपरी (डोळ्यांचा संसर्गजन्य आजार), नायटा, खरूज किंवा उवा दिसल्या की मुलाला घरी पाठवत. घरी उपचारांची सोय नसल्याने ते मूल आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राही आणि गल्लीत त्याच वर्गमित्रांबरोबर खेळत असे, म्हणजे संसर्गही थांबत नसे आणि शिक्षण मात्र थांबे. ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेची तेथील चार शाळांवर प्रायोगिक नेमणूक झाली. किरकोळ जखमा आणि त्वचारोग यांवर त्या शाळेतच मलमपट्टी करत आणि घरी जाऊन आईला औषध कसे लावायचे ते दाखवत. वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे दहा हजारांवरून हजाराच्या आसपास आली. डॉक्टर पूर्वीही येतच होते. भर पडली होती ती मुलाच्या पाठोपाठ त्याच्या घरापर्यंत जाणाऱ्या व्यक्तीची. तुमच्या शाळेत परिचारिका नसेल, तर चिठ्ठीचा खालचा भाग उपचारांची नोंद करून परत मागवावा आणि तो न आल्यास पालकांची भेट घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

इंग्लंडमध्ये दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले असंख्य तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरल्याने बालपणातील आरोग्याची चर्चा सुरू झाली आणि १९०७ च्या कायद्याने प्राथमिक शाळांतील तपासणी सक्तीची झाली. उपचारांची मात्र स्थानिक शिक्षण मंडळांना केवळ मुभा होती. ते त्यांचे कर्तव्य ठरले १९१८ च्या कायद्याने. मधल्या काळात किडलेले दात, वाहणारे कान आणि अधू दृष्टी यांच्या नोंदी होत राहिल्या, पण ज्यांना डॉक्टरांची फी परवडत नव्हती त्यांच्यासाठी त्या नोंदी कागदावरच राहिल्या.

ही पोकळी भरण्यासाठी समाजसुधारक मार्गारेट मॅकमिलन आणि त्यांची बहीण रेचल यांनी लंडनच्या बो भागात १९०८ मध्ये आणि डेप्टफर्डमध्ये १९१० मध्ये शाळकरी मुलांसाठी दवाखाने काढले. तेथे त्यांना आणखी एक गोष्ट कळून चुकली : बरी होऊन गेलेली मुले काही दिवसांनी तोच आजार घेऊन पुन्हा दारात उभी राहत, कारण घरातली दाटी आणि अस्वच्छता तशीच होती. म्हणून १९११ मध्ये त्यांनी डेप्टफर्डमध्येच मुलींसाठी रात्रीचे शिबिर सुरू केले, जेथे मुली शाळा सुटल्यावर येत, अंघोळ करत आणि मोकळ्या हवेत झोपत.