पावसाळ्यात खराब झालेला फोम, कापड आणि हार्डनर: विमानाला काय चालेल?

तुम्ही विचारलंय: लाँग-ईझी या घरी बांधायच्या विमानाच्या पद्धतीचं, साच्याशिवायचं कंपोझिट विमान (फोमवर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड) गोव्यात घरी बांधतोय. पावसाळ्यानंतर पाहिलं तर पंखाच्या निळ्या फोमला खड्डे पडलेत, वरचा थर पिवळसर झालाय, ग्लास कापडाला ओल लागलीय आणि हार्डनरच्या (रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवाच्या) डब्याच्या तोंडाशी पांढरी खर धरलीय. शेजारचे बोटवाले म्हणतात, खड्डे बोटीच्या पुटीने भरून वरून एक जादा थर मार. चालेल का?

नाही चालणार. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आधी त्याचंच उत्तर देतो.

बोटीची पुटी आणि बोटीचं रेझिन म्हणजे सहसा पॉलिएस्टर. त्यात स्टायरीन असतं, आणि स्टायरीन निळा फोम, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवतं. आमच्या शेडमध्ये एका पंखाच्या कोअरला, म्हणजे आतल्या फोमच्या गाभ्याला, अंगठ्याएवढा खड्डा होता. एका अनुभवी बोट-कारागिराने तो पुटीने भरून दिला. वरून गुळगुळीत, हात फिरवला तर सांधा कळेना. दुसऱ्या दिवशी त्यावर नाणं वाजवलं तर ढब्ब आवाज. कापून पाहिलं: पुटीची पातळ टोपी, आणि खाली मूठ मावेल एवढी पोकळी. पुटी घट्ट व्हायच्या आत स्टायरीन फोम खात गेलं होतं. कारागीर शेवटपर्यंत म्हणत राहिला की फोमच हलका होता. फोम अगदी बरोबर होता. बोटीत पीव्हीसी किंवा पीयू फोम घालतात, त्यांना पॉलिएस्टर काही करत नाही, म्हणून त्याने हे कधी पाहिलंच नव्हतं. ‘वरून जादा थर’ हेही तसंच. ज्या फोमला कापड धरून नाही, त्यावर दहा थर मारले तरी ते खालच्या पोकळीवरच उभे राहणार, आणि वजन वाढणार ते वेगळंच.

मग इपॉक्सी आणि मायक्रो (इपॉक्सीत कालवलेली काचेच्या पोकळ कणांची पूड)? हो, पण खोल खड्डा त्यानेही भरू नका. निळा फोम घनमीटरला साधारण ३२ किलोचा, घट्ट झालेला मायक्रो त्याच्या दहापटीहून जड. शिवाय जाड गोळा एकदम घातला तर इपॉक्सी स्वतःच तापते, आणि हा फोम ७५ अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात तर नक्कीच. खड्डा चौकोनी कोरून घ्या, त्याच फोमचा तुकडा घट्ट बसेल असा कापा आणि मायक्रोने चिकटवा. सांध्यातला मायक्रो पृष्ठभागाच्या एक-दोन मिलिमीटर खालीच थांबवा. वर आला की घासताना शेजारचा फोम झिजतो, मायक्रो झिजत नाही, आणि पंखावर उंचवटा उरतो. नखाएवढे उथळ खड्डे तसेच ठेवा. कापड घालायच्या दिवशी, घालण्याच्या अगदी आधी, कोरड्या, म्हणजे घट्ट कालवलेल्या, मायक्रोने भरा आणि तो ओला असतानाच कापड चढवा.

पिवळसर थर उन्हाचा आहे. छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून येणारा उजेडसुद्धा पुरतो. त्या भुकटीला चिकटलेलं कापड भुकटीसकटच सुटून येतं. ताजा निळा रंग लागेपर्यंत हलक्या हाताने घासा, मग टेम्प्लेट (पंखाच्या आकाराचा साचा-पट्टा) लावून पाहा. सगळ्या लांबीभर फट दिसत असेल तर कोअर नवा कापा. पंखात सगळ्यात स्वस्त वस्तू फोमच आहे, तिथे काटकसर कसली करता?

शंका असेल तर सोलून पाहा. त्याच फोमच्या तुकड्यावर स्लरी (पातळ मायक्रो), वर कापडाचे दोन थर, पूर्ण क्युअर (घट्ट) होऊ द्या आणि ओढून काढा. कापडाच्या पाठीला फोमचे लचके आले तर ठीक. पाठ स्वच्छ किंवा नुसती भुकटी आली तर तो फोम बाद.

कापडाचं थोडक्यात. काच पाणी पीत नाही, पण धाग्यांवर ओल असेल तर कापड रेझिनने नीट भिजत नाही आणि पांढुरके डाग राहतात. नुसती दमट हवा लागली असेल तर गरम कोरड्या खोलीत सुकवून वरचीच चाचणी करा. भिजून वाळलेलं, तेलाचा डाग पडलेलं किंवा घडी घातलेलं कापड पंखाला नको. घडीत धागे तुटतात. ते सरावाला वापरा.

रेझिनमध्ये साखरेसारखे खडे धरले असतील तर घाबरू नका. डबा ५०-६० अंशांच्या पाण्यात ठेवा, पूर्ण पारदर्शक झालं की ढवळा. हार्डनरची गोष्ट वेगळी: ती खर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांनी धरते. डबा टाकून द्या. नव्या डब्याचं मिश्रण वजनावरच करा. एमजीएस २८५ या इपॉक्सीला १०० भाग रेझिन, ४० भाग हार्डनर.

आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत आल्याशिवाय कापड घालू नका. मृगापासून चतुर्थीपर्यंत हे गोव्यात उघड्या शेडमध्ये होत नाही. प्लॅस्टिकचा तंबू आणि आत एसी लागतो. तरीही क्युअर झालेल्या थरावर मेणचट पापुद्रा आला तर आधी पाणी आणि स्कॉचब्राइट, घासणं त्यानंतर. ॲसिटोन फोमच्या जवळही आणू नका, तोही फोम विरघळवतो.

हे सगळं निळ्या फोमबद्दल झालं. फ्युजलाजचा (विमानाच्या धडाचा) युरेथेन फोम असेल तर तो तापत्या तारेने कापू नका, विषारी वायू निघतो. सुरी आणि सँडपेपर. आणि स्पार कॅपमध्ये (पंखाचा मुख्य भार घेणाऱ्या पट्टीत) दोष दिसला तर यातलं काहीच लावू नका. तिथे डिझाइनच्या दुरुस्ती-सूचना पाळायच्या, नाहीतर तो भाग पुन्हा बांधायचा. सोललेले नमुने तारीख घालून जपून ठेवा, तपासणीला येणाऱ्याला दाखवता येतात.