बँकेबाहेरच्या व्यवसायांनी मनी लाँडरिंगकडे का लक्ष द्यावे

आपण विचारले आहे की, आपली कंपनी यंत्रांचे सुटे भाग घाऊक विकते, पैसे बँकेतूनच येतात, मग मनी लाँडरिंग, म्हणजे गुन्ह्यातून आलेला पैसा वैध भासवणे, रोखण्याचे ओझे आपल्यावर कशासाठी? प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे आणि सामान्य माल विकणाऱ्यावर संशयास्पद व्यवहारांचा अहवाल सरकारी यंत्रणेला देण्याचे बंधन बऱ्याच ठिकाणी नसते, हे खरे आहे. तरीही अनेक वर्षे हिशेबतपासणीचे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, काही गोष्टी फक्त आपल्यासारख्या व्यावसायिकालाच दिसू शकतात.

बँकेला रक्कम दिसते, माल दिसत नाही. विकणारा आणि घेणारा संगनमताने मालाची किंमत बीजकात दहापट दाखवतात, तेव्हा जादा रक्कम सीमेपलीकडे अगदी राजरोस पोहोचते आणि बँकेच्या लेखी ती मालाची किंमतच असते. त्या भागाची खरी किंमत काय, एवढ्या नगांची गरज कोणाला असते, हे त्या धंद्यातल्या माणसालाच कळते. अमेरिकेत अमली पदार्थांच्या विक्रीतून आलेले डॉलर कोलंबियातील आयातदारांच्या मालाचे पैसे म्हणून वापरण्याची पद्धत दीर्घकाळ चालली, त्यात घरगुती उपकरणांसारखा साधा माल विकणाऱ्या कंपन्यांना अनोळखी त्रयस्थांकडून पैसे मिळत होते. माल खरा आणि ग्राहकही खरा होता, फक्त पैसे देणारा भलताच होता.

म्हणून माझ्या मते दोन नियम सर्वांत मोलाचे आहेत. ज्याच्या नावाने बीजक आहे त्याच्याच खात्यातून पैसे घ्यावेत आणि परतावा द्यायचा झाल्यास ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात द्यावा. मुद्दाम जास्त रक्कम भरून उरलेली दुसऱ्याच खात्यात मागणारा ग्राहक आपल्या कंपनीचे चांगले नाव त्या पैशाला चिकटवून घेत असतो. नवी कंपनी मोठी मागणी घेऊन आली, तर तिचा खरा मालक कोण हेही विचारावे. अनेक देशांत २५ टक्क्यांहून अधिक मालकी असलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्याची अपेक्षा असते, पण टक्केवारीपेक्षा निर्णय कोण घेतो हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मनी लाँडरिंग रोखण्याचे निकष ठरवणाऱ्या, १९८९ मध्ये स्थापन झालेल्या फायनॅन्शियल ॲक्शन टास्क फोर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये आपल्या शिफारशींची व्याप्ती कॅसिनो, घरांचे दलाल, मौल्यवान धातू व रत्नांचे व्यापारी, वकील, लेखापाल आणि कंपन्या स्थापन करून देणारे यांच्यापर्यंत नेली, कारण बँकांवरची देखरेख कडक झाली की पैसा या दारांकडे वळतो.

मात्र अर्ज आणि कागदपत्रे वाढवली म्हणजे काम झाले, असे समजू नये. डेन्मार्कमधील डान्स्के बँकेच्या एस्टोनियातील शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो फिरले, त्यांतला मोठा भाग संशयास्पद मानला गेला. आतल्याच एका कर्मचाऱ्याने २०१३ मध्ये वरिष्ठांना सावध केले होते. २०२२ मध्ये बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि एकूण भुर्दंड दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला. शंका घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे म्हणणे विक्रीच्या आकड्यांपुढे तोकडे पडत असेल, तर कोणतीही नियमावली उपयोगाची नाही. विक्री थांबवण्याचा अधिकार असलेली आणि विक्रीवर कमिशन न मिळणारी एक तरी व्यक्ती आपल्या कंपनीत असावी. याचे दुसरे टोकही मला तितकेच अन्यायाचे वाटते. केवळ ग्राहकाच्या देशाकडे पाहून त्याला दारातूनच परत पाठवल्याने प्रामाणिक माणसे बँकिंगबाहेर ढकलली जातात आणि त्यांचा पैसा कोणाच्याच नजरेस पडत नाही.

शंका आली, तर माल रोखून ठेवावा, काय खटकले ते तारखेसह लिहून ठेवावे आणि आपल्या देशातील वित्तीय गुप्तवार्ता कक्षाकडे (संशयास्पद व्यवहारांचे अहवाल घेणारी सरकारी यंत्रणा) किंवा पोलिसांकडे कसे कळवायचे हे वकिलाला विचारावे. कळवल्याची गोष्ट ग्राहकाला बोलून दाखवू नये, कारण अहवाल देण्याचे बंधन असलेल्या व्यवसायांसाठी अनेक देशांत तो स्वतंत्र गुन्हा आहे. बीजके, मालवाहतुकीची कागदपत्रे आणि पत्रव्यवहार किमान पाच वर्षे जपावा, कारण तपास सुरू होतो तेव्हा बहुधा व्यवहार होऊन बराच काळ गेलेला असतो.