‘आयीस’ म्हणू द्या

प्रश्न : ताई, बाल कल्याण समितीने बारा वर्षांची एक मुलगी प्रतिपालकत्वासाठी, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला, आमच्याकडे सोपवली आहे. सुरगाण्याकडची, कोकणा समाजाची. वडील नाहीत, आई आजारी. आमच्या मुलाला जे, तेच तिला : तोच क्लास, तसंच दप्तर. तरी ती गप्पच. बोली सुधारावी म्हणून आम्ही टोकतो, ‘आयीस’ नाही, ‘आई’ म्हण. मार्गशीर्षात मामा तिला डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला गावी न्यायचं म्हणतोय, पण शाळा बुडेल. शाळेत आमचंच आडनाव लावावं, असं ह्यांना वाटतं. काय करू?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : टोकणं आजपासून बंद. मी एकवीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते आणि ‘शुद्ध बोला’चा धाक मीही घातला. पेठकडच्या एका मुलीची दाढ तीन दिवस दुखत होती. गाल सुजून डोळा बारीक झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं. सांगितलं का नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, “चुकलं असतं.” तिला दुखण्यापेक्षा माझी भीती जास्त होती. तुमची मुलगी गप्प का, याचं उत्तर कदाचित इतकंच असेल. आईला ती आयीस म्हणते, म्हणू द्या. तुम्हाला काय म्हणायचं तेही तिलाच ठरवू द्या. मावशी म्हणाली तरी मान कमी होत नाही.

‘तोच क्लास’ हे मला पटलं नाही. मुलगा लहानपणापासून इंग्रजी ऐकतोय, ही आत्ता आली. दोघांना एकाच बाकावर बसवलं म्हणजे न्याय झाला असं नाही. तिला वर्षभर घरी येऊन शिकवणारी कुणी मिळाली तर बघा. सरकारकडून महिना ४,००० रुपये मिळत असतील तर तिथेच खर्च करा.

आडनावाचं मात्र अजिबात करू नका. हे दत्तक नाही. दाखल्यावर तिचं नाव, वडिलांचं नाव, जात, सगळं आहे तसंच राहायला हवं. उद्या अनुसूचित जमातीचा दाखला आणि पुढे जात पडताळणी करायची तर वडिलांकडच्या माणसांची कागदपत्रं लागतात, तीही जमल्यास ६ सप्टेंबर १९५० च्या आधीची. तुमच्या आडनावाने शाळेतले चार प्रश्न टळतील, पण तिची शिष्यवृत्ती अडकेल. मुलांनी विचारलं तर काय सांगायचं, ते तिच्याशीच बोलून ठरवा. तिची कहाणी सोसायटीत कुणाला सांगू नका. कायद्यानेही तिची ओळख उघड करता येत नाही.

मामाला नाही म्हणू नका. त्याच्याच ओळखीने तिच्या काकांपर्यंत पोचाल, आणि जुना सातबारा किंवा शाळेचा उतारा असलाच तर तिथेच. समितीला आधी लेखी कळवा, परवानगी घ्या, वर्गशिक्षिकेकडून अभ्यास आणून ठेवा. चार दिवसांनी सातवी बुडत नाही. आईला भेटायचंही त्याच अर्जात विचारा.

आणि घरात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणा. पाणी चांगलं उकळून उकड काढायची, नाहीतर भाकरी थापताना तुटते. माझी अजूनही तुटते. तिला विचारा, तिच्याकडे कशी करतात, आणि तुम्ही परातीपासून जरा लांब बसा.