अम्मीचे रोजे, शुगर आणि मी भरलेला फिदिया

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि 2018 चा आमचा रमजान जसाच्या तसा डोळ्यांसमोर आला. तुमच्या अम्मीला बारा वर्षांची शुगर, डॉक्टर रोजे नको म्हणतात, त्या म्हणतात काही झालं तरी तीसच्या तीस धरणार, आणि घरात रोज रडारड. आमच्याकडे अम्मीच्या जागी अब्बा होते, बाकी सगळं तेच. आधीच सांगतो, मी आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार नाही आणि डॉक्टरही नाही. सोलापुरातल्या मागावर आयुष्य काढलेल्या माणसाचा मुलगा आहे, जे भोगलं तेवढं लिहितोय.

त्या वर्षी रमजान मेच्या मध्यात लागला. सोलापूरचा मे, चौदा तासांच्या वर रोजा आणि अब्बा टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर उभे. चार दिवस आधी त्यांना दवाखान्यात नेलं. अडीच तास बाकावर बसलो. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी केसपेपरवरून मान वर न करता सांगितलं, "उपासबिपास बंद." गोळ्यांची वेळ बदलता येईल का, विचारलं तर "एकदा सांगितलं ना" म्हणून पुढच्याला हाक मारली. अब्बांनी चपला घातल्या, घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. नको म्हणणं कदाचित बरोबरच होतं. पण दहाव्या वर्षापासून एकही रोजा न सोडलेल्या माणसाशी दोन मिनिटं बोलायला काय हरकत होती? मला आजही त्याचा राग येतो.

त्याहून मोठी चूक मात्र माझी. दुसऱ्या दिवशी अब्बांना न विचारता मी तीस रोजांचा फिदिया, म्हणजे न धरलेल्या रोजाच्या बदली गरिबाच्या जेवणाचे पैसे, एका मदरशात भरून आलो. एका रोजाला साधारण पावणेदोन किलो गव्हाची किंमत, असा हिशोब केला. पावती त्यांच्यापुढे ठेवली, म्हटलं, "झालं, आता काळजी मिटली." त्यांनी पावतीची घडी घातली आणि खिशात ठेवली. मला वाटलं, पटलं.

नवव्या रोजाला असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजच्या सुमारास कारखान्यातून फोन आला. पोचलो तर अब्बा मागासमोर उभे, शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे. हात इतका थरथरत होता की सुताची कांडी मागाच्या धोट्यात बसेना. नऊ दिवस ते सहेरीला, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या खाण्याला, सकाळची गोळी घेऊन निघायचे आणि डबा शेजारच्या मागावरच्या पोराला द्यायचे. शुगर मोजली, 52. साखरपाण्याचा ग्लास पुढे केला तर हाताने मागे सारला. "दीड तास तर राहिलाय." शेवटी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना फोन लावून अब्बांच्या कानाला धरला. ते म्हणाले, "चाचा, जीव वाचवणं फर्ज आहे, कर्तव्य आहे. सोडा रोजा." तेव्हा कुठे प्यायले.

रात्री तरावीहनंतर, रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजनंतर, इमामसाहेब घरी आले. अब्बांनी खिशातून तीच पावती काढून त्यांच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "यानं मला या महिन्यातून काढून टाकलंय."

ताई, हे वाक्य विसरू नका. तुमच्या अम्मीचं रडणं त्यातच आहे. याच महिन्यात हिराच्या गुहेत कुरआन उतरायला सुरुवात झाली. याच महिन्यात शबे कद्र येते, हजार महिन्यांहून उत्तम अशी रात्र. हजार महिने म्हणजे 83 वर्षं 4 महिने. साठी ओलांडलेल्या माणसाला ती आणखी किती वेळा मिळणार? त्यात रोजा ही अशी इबादत की ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही. हदीसमध्ये, म्हणजे नबींच्या वचनांत, अल्लाह म्हणतो की रोजा माझ्यासाठी आहे, त्याचं फळ मीच देईन. अशा माणसासमोर आपण फक्त रिपोर्ट नाचवत बसतो.

इमामसाहेबांनी त्या रात्री कुरआनातल्या सूरह बकराची 184 वी आयत वाचून दाखवली. आजारी किंवा प्रवासात असेल त्याने ती मोजदाद इतर दिवशी पूर्ण करावी. पुढच्याच आयतीत, जिथे रमजानमध्ये कुरआन उतरल्याचं सांगितलंय तिथेच, अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवाय, अवघडपणा नकोय, असंही आहे. हिजरी 8 मध्ये मक्केच्या वाटेवर खुद्द नबींनी दिवसा सगळ्यांसमोर पाणी पिऊन रोजा सोडला होता, हे ऐकताना अब्बा रडले. मग माझ्याकडे वळून इमामसाहेब म्हणाले की फिदिया ज्याला पुढे कधीच रोजा जमणार नाही त्याच्यासाठी. ज्याला थंडीच्या लहान दिवसांत जमू शकतं त्याच्यावर कजा, म्हणजे सुटलेला रोजा नंतर धरणं. हे ठरवायच्या आधीच मी पैसे भरून मोकळा झालो होतो.

त्या डिसेंबरात दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली अब्बांनी अकरा रोजे कजा धरले. सकाळच्या गोळीची वेळ आणि मात्रा दोन्ही त्यांनी बदलली. कोणती, किती, ते इथे लिहिणार नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं.

माझं मत विचाराल तर भांडण आजच थांबवा. आत्ता रजब चालू आहे, रमजानच्या दोन महिने आधीचा महिना. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी तपासणी करावी, असं मधुमेहाचे डॉक्टर सांगतात, म्हणजे तुमची वेळ अगदी बरोबर आहे. नको म्हणाले तर का नको हे अम्मींसमोर सांगा, असं त्यांनाच म्हणा. मग अम्मींना इमामसाहेबांकडे न्या, सवलत त्यांच्या तोंडून ऐकू द्या. रोजा धरायचं ठरलंच तर बोटातून रक्त काढून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही हे आधी पटवा. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर त्या क्षणी सोडायचा, हे घरात सगळ्यांसमोर ठरवून ठेवा. नाहीच जमलं तर त्यांना महिन्यात जागा द्या. अब्बा पुढच्या वर्षीपासून रोज मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजच्या आधी खजुरांचं ताट घेऊन मशिदीत जायला लागले. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला त्याच्याइतकंच पुण्य, असं हदीसमध्ये आहे. तरावीह बसून पढता येते.

थोडं विषयांतर. मुंबईचं वेळापत्रक फॉरवर्ड होऊन येतं, ते वापरू नका. आपल्याकडे सोलापुरात सूर्य मुंबईच्या साधारण बारा मिनिटं आधी मावळतो आणि पहाटही तशीच आधी होते. त्या वेळापत्रकाने सहेरी केली तर वेळ संपून गेल्यावरही खाणं चालू राहतं. आणि विजापूर वेशीतल्या मीना बाजारातून इफ्तारीला भजी आणणं बंद करा, शुगरवाल्या घरात तरी.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीवरची मुदतही आजच बघून घ्या. आमच्या घरातली डबी दोन वर्षं जुनी निघाली होती. त्या दिवशीचा 52 चा आकडा कारखान्यातल्या एका कामगाराच्या मशीनवर कळला.